दिवा कुणाच्या नावे?



बँकेत पस्तीस वर्षं खातेवह्या लिहिल्या. एक गोष्ट हाडात मुरली, की एकीकडं जमा पडली म्हणजे दुसरीकडं नावे पडलेलीच असते. दानधर्माला हा नियम लावायचं मात्र कधी सुचलं नाही.

आमच्या मेहकर तालुक्यातल्या गावाबाहेर दत्तमंदिर आहे. सात वर्षांपूर्वी वडिलांच्या स्मरणार्थ मी तिथं उंच खांबावर मोठा एलईडी दिवा दिला. खांबाला त्यांच्या नावाची पाटी. दीपदानाचं पुण्य आणि रात्री येणाऱ्यांची सोय, मनाला फार बरं वाटलं.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून नातू आला. त्याला मृग नक्षत्र पाहायचं होतं. मंदिरालगतच्या वावरात नेलं, कारण वडील मला तिथंच हरभऱ्याच्या जागलीला न्यायचे. घड्याळ नव्हतं. "पाय, तिकांडं डोक्यावर आलं, झोप आता," म्हणायचे. मृगातल्या ओळीनं असलेल्या तीन ताऱ्यांना आम्ही तिकांडं म्हणतो. नातवाला ते दिसलं. कृत्तिका त्यानं मोजल्या, चार. आकाशगंगा नाहीच. वडिलांनी दाखवलेलं आभाळ वडिलांच्याच नावाच्या दिव्यानं पुसून टाकलं होतं.

अमावास्येला त्याला लोणारला नेलं. उल्केच्या आघातानं काळ्या बेसाल्टात झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर; 2020 साली तिथलं सरोवर रामसर यादीत गेलं. खाली अभयारण्य आहे, रात्री उतरू नये. गावाच्या दिव्यांकडं पाठ करून कडेला बसलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच मोबाईल काढला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी लागलीच तर तिला तांबडा कागद गुंडाळावा. हळूहळू आकाशगंगेचा फिकट पट्टा उमटला. कृत्तिका मी सहा मोजल्या, नातवानं सात. (संग्रामपूरकडं सातपुड्याच्या पायथ्यालाही असा अंधार मिळतो. पण तारे पाहायला गाडी करून जावं लागावं, हेच मला खुपलं.)

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत आकाश आहे, चंद्र आहे, आणि दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंगही आहे. पावसाळ्यात आमच्या खांबाखाली रोज सकाळी पाखरांचा सडा पडतो, पुजारी केरसुणीनं लोटून देतात. अवधूतांनी ज्याला गुरू केलं, त्याची ही गत माझ्या पुण्यापायी. मग हे पुण्य जमा झालं ते कुणाच्या नावे टाकून? पाखरांना कुणी विचारलं नव्हतं, नातवालाही नाही.

समितीत विषय काढला. एक वडीलधारे म्हणाले, "भाऊ, अंधारात कुणाला पान लागलं तर जबाबदार कोण?" खरं होतं ते. बायाबापड्या शेजारतीला येतात, पायरी दिसायलाच हवी. मला उत्तर सुचेना.

ते उत्तर नागपूरकडं सापडलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडं वळवला. गावं अंधारात टाकली नाहीत. माणसाला उजेड पायाशी लागतो, आभाळाला नाही, एवढाच तो हिशेब.

दत्तजयंती पौर्णिमेची, त्या रात्री चंद्र मृगाच्या आसपासच असतो आणि बारीक तारे लोपतात. चंद्रावर माझी तक्रार नाही. तो पंधरवड्यात आपणहून माघार घेतो. माझा दिवा सात वर्षं तसाच ढणढणत होता.

कार्तिकात वायरमनला बोलावून दिव्यावर पत्र्याची टोपी बसवून घेतली आणि तोंड खाली केलं. शेजारतीनंतर तासाभरानं तो बंद करायचा, यावर समितीत अजून एकमत नाही. दोघांना तो वडिलांचा अपमान वाटतो, आणि खरं सांगतो, पहिल्या रात्री मलाही पाटीकडं बघवलं नाही.

कार्तिकी अमावास्येला वावरात जाऊन बसलो. कृत्तिका पाच दिसल्या. नातवाला फोन केला, तर म्हणाला, "आजोबा, चष्मा पुसून परत मोजा."