ब्रह्मदेव, विश्वकर्मा आणि आम्ही

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची. त्याला महिनाही झाला नव्हता, तोच ९ नोव्हेंबरला बँकॉकच्या राचप्रसोंग चौकात, एका सरकारी हॉटेलच्या आवारात, चार तोंडांचा ब्रह्मदेव बसवला गेला. बसवणारे बौद्धच. आम्ही ज्याला घराबाहेर काढलं, त्याला त्यांनी सोन्यानं मढवून भर रस्त्याच्या कडेला जागा दिली. यातला बौद्ध कोण, हा प्रश्न भिलाईच्या आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर निघाला की चहा थंड होतो.

माझे वडील प्रतिज्ञांच्या दिवशी नागपुरात होते. पुढे सोव्हिएत मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्यात काम मिळेल म्हणून तुमसरकडून भिलाईला आले. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला सुरू झाली, तेव्हा ते इथंच मजूर होते. मी रेल मिलमध्ये आयुष्य काढलं. नोकरी संपल्यावर नागपूरहून निघणाऱ्या एका सहलीबरोबर थायलंड पाहून आलो. बुद्धाचा देश पाहायचा होता.

पाहिला, आणि गोंधळलो. तिथला राजा बौद्ध असावा लागतो, आणि त्याच राजाला राम म्हणून क्रमांक मिळतो, सध्याचा दहावा. जुनी राजधानी अयुथ्या. विमानतळावर भलंमोठं समुद्रमंथन मांडून ठेवलंय. बुद्धमूर्ती मात्र पाहत राहावी अशी. निमुळता चेहरा, मस्तकावर वर निघालेली ज्योत, जमिनीला टेकलेला उजवा हात. लोक तळहाताएवढेही नसलेले सोन्याच्या वर्खाचे चौकोन मूर्तीला चिकटवतात. ते नीट बसत नाहीत, कडा मोकळ्या राहतात, पंख्याच्या वाऱ्यानं फडफडतात. एका विहारात बुद्धाच्या गुडघ्यावर इतके वर्ख साचले होते की तो सुजल्यासारखा दिसत होता.

त्या ब्रह्मदेवाची कथा ऐकण्यासारखी आहे. एरावान हॉटेलचं बांधकाम चालू असताना मजुरांना अपघात होऊ लागले, संगमरवर आणणारं जहाज बुडालं, खर्च वाढत गेला. ज्योतिषी म्हणाला, पाया चुकीच्या मुहूर्तावर घातलाय, ब्रह्मदेव बसवा. बसवला. विघ्नं थांबली म्हणतात. ते हॉटेल १९८७ मध्ये पाडलं, देव राहिला. आता डोक्यावरून स्कायट्रेन जाते, खाली झेंडूच्या माळा, लाकडी हत्ती, उदबत्त्यांचा धूर. नवस फिटला की पैसे भरून नर्तकींकडून नाच करवायचा. आमच्या गटातल्या वहिनींनी देवाकडे पाठ केली आणि तशाच उभ्या राहिल्या. प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा.

मला मात्र आमचा १७ सप्टेंबर आठवला. विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी भिलाईत शॉप-शॉपमध्ये यंत्रं धुवून पुसून निघतात, रोलला हार पडतात, बायकापोरं कारखाना बघायला येतात, बुंदीचे द्रोण फिरतात. आमच्यातले बरेच जण पूजेला उभे राहायचे नाहीत, बुंदी मात्र खायचे. मीही त्यातलाच. पण हजार-बाराशे अंशांवर तापलेला लाल ठोकळा रोलमधून धडधडत येतो, तेव्हा शेजारी उभ्या माणसाला कोणीतरी वर बसलेलं हवं असतं, हे मी खूप वर्षं जवळून पाहिलंय. साहू असो, यादव असो, मल्याळी असो, शिफ्ट सुरू होताना हात कपाळाकडे जायचाच. बँकॉकच्या मजुरांचा ब्रह्मदेव आणि आमच्या खात्यातला विश्वकर्मा एकाच पोटातून आलेत. ते पोट भीतीचं आहे. भीतीला प्रतिज्ञेनं उत्तर देता येतं, पण त्यासाठी मागे बाबासाहेबांसारखा माणूस लागतो. हेल्मेट, गार्ड, रेलिंग आणि युनियनही लागते. थाई मजुराला यातलं काय मिळालं, हे न विचारता त्याला हसणं मला जमत नाही.

पण भीती तिथंच थांबत नाही. मार्च २००६ मध्ये मानसिक आजार असलेल्या एका माणसानं हातोड्यानं एरावानची ती मूर्ती फोडली. रस्ता झाडणाऱ्या दोघांनी त्याला तिथंच मारून टाकलं. दोन महिन्यांत मूर्ती पुन्हा उभी राहिली. पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं आहे. प्लास्टरच्या देवासाठी ज्यांनी माणूस मारला, तेही लहानपणापासून हेच शील म्हणत आले असतील.

तरी माझं खरं भांडण ब्रह्मदेवाशी नाही. विहारात सगळे त्याच्यावरच घसरतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. न दिसणारी गोष्ट म्हणजे कर्माचा हिशेब. थायलंडमध्ये सकाळी भिक्खूच्या पात्रात भात घातला की पुण्य, मासे सोडले की पुण्य, मुलगा थोडे दिवस चीवर घालून आला की आईला पुण्य. इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही. मग एका विहाराच्या पायऱ्यांवर बसलेल्या भिकाऱ्याकडे बोट करून आमचा हिंदी शिकलेला गाईड म्हणाला, पिछले जनम का है. पाठ फिरवून चालणाऱ्या वहिनी यावेळी वळल्या. "इसके बाप का खेत किसने लिया, वो पूछा क्या कभी?" गाईड हसला. त्याला प्रश्न कळलाच नसावा.

कर्माचा प्रश्न बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत मांडलाय. बुद्धानं आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कसा राहील? गावकुसाबाहेर जन्मलेल्याला मागच्या जन्माचा दाखला देणारा धर्म सोडून आम्ही आलो. तोच दाखला पिवळ्या चीवरात परत मिळाला तर तो घ्यायचा कशाला? इथं मी तडजोड करणार नाही. ब्रह्मदेवाबाबत एक वेळ करेन.

थायलंडनं हे ओळखलंच नाही असंही नाही. बुद्धदास भिक्खूंनी १९३२ मध्ये दक्षिणेकडच्या छैया गावाजवळ सुआन मोक्ख नावाचा वनविहार उभा केला. पुनर्जन्म म्हणजे मेल्यावरचा प्रवास नाही, 'मी' आणि 'माझं' मनात उगवतं तोच जन्म, असं ते शिकवत. पुण्याच्या बाजारावर त्यांनी टीका केली, म्हणून त्यांना कम्युनिस्ट ठरवणारेही निघाले. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात सुआन मोक्ख नव्हतं. एरावान होतं.

हे सगळं मी एका रविवारी विहारात बोललो. बोलणं संपल्यावर बीएससी करणारा एक पोरगा उठला. "काका, मग तुमच्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला भन्तेंना भोजनदान कशासाठी दिलं? ते पुण्य कोणाच्या खात्यात गेलं?" दोन-चार जण हसले.

मी म्हणालो, कोणाच्याच नाही. लोक जमले, जेवले, बाबांबद्दल बोलले, आम्ही अभ्यासिकेला पैसे दिले. बस.

"मग त्याला नाव दुसरं द्या ना," तो म्हणाला. मागून वहिनींचा आवाज आला, नाव बदलून काय होतं, पत्रिकेत छापणं बंद करा. समितीच्या सचिवांनी विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं. त्याआधी त्या पोराला बुद्धदासांचं एखादं पुस्तक मिळवून द्यायचं मी कबूल केलंय. नागपूरच्या एका दुकानदाराला फोन केलाय. तो म्हणतो, हिंदीत बघतो.