एका तुकडीची मुदत

५ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ड्यूक विद्यापीठ, आधीच तीन विजेतेपदे नावावर असलेले. दुसऱ्या बाजूला त्याच शहरातले बटलर, जेमतेम चार-साडेचार हजार विद्यार्थ्यांचे. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शेशेव्स्की ६३ वर्षांचे, बटलरचे ब्रॅड स्टीव्हन्स ३३ वर्षांचे. अगदी शेवटच्या क्षणी बटलरच्या गॉर्डन हेवर्डने मैदानाच्या मध्याजवळून चेंडू फेकला. तो फळीला लागला, रिंगच्या कडेवर आदळला आणि बाहेर पडला. ड्यूक ६१, बटलर ५९.

हा क्षण बास्केटबॉलच्या चाहत्यांना पाठ आहे. मला मात्र त्या सामन्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९८० साली शेशेव्स्की ड्यूकला आले, तेव्हा त्यांचेही वय ३३च होते. त्याच वयात एकाच्या वाट्याला अंतिम सामना आला आणि दुसऱ्याला पहिल्या तीन वर्षांतच हाकलून द्या, असा ओरडा ऐकावा लागला. कॉलेजच्या तरुण प्रशिक्षकाला जोखायचे कसे, हा प्रश्न या दोघांना शेजारी ठेवून विचारायला हवा. आमच्या जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी तर तो जास्तच निकडीचा आहे. आपल्याकडे कॉलेजचे मैदान सांभाळणाऱ्या तरुणाला आपण फक्त त्या वर्षीचा निकाल विचारतो, आणि तेवढ्यावर त्याची पारख झाली असे समजतो.

आधी स्टीव्हन्स यांच्याविषयी. एका मोठ्या औषध कंपनीतली नोकरी सोडून ते २००० साली बटलरच्या संघात अगदी खालच्या पायरीवर दाखल झाले आणि २००७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्याच हंगामात संघाने ३० सामने जिंकले. २०१०च्या अंतिम सामन्यात उतरण्याआधी बटलरने सलग २५ विजय मिळवले होते. एवढे सांगून थांबले तर ही एका भाग्यवान तरुणाची गोष्ट वाटेल. माझ्या दृष्टीने त्यांची खरी परीक्षा पुढच्या हंगामात झाली. हेवर्ड दोन वर्षांतच कॉलेज सोडून एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला. सगळ्यात चांगला खेळाडू नाही, अपेक्षा मात्र दुप्पट. फेब्रुवारी २०११च्या सुरुवातीला संघ १४ विजय आणि ९ पराभवांवर होता आणि नुकतेच लागोपाठ सामने हरला होता. तिथून बटलरने सलग १४ सामने जिंकले आणि पुन्हा अंतिम फेरी गाठली.

त्या अंतिम सामन्यात कनेक्टिकटने त्यांना ५३–४१ असे हरवले. बटलरने ६४ वेळा चेंडू टाकला, १२ वेळा बास्केट झाली. तीन गुणांच्या रेषेच्या आतून केलेल्या ३१ प्रयत्नांत फक्त ३ यशस्वी झाले. इथे चाहत्याने डोळे झाकू नयेत. समोर उंच बचावपटू उभे असताना आत घुसण्याचा दुसरा रस्ता बटलरकडे तयार नव्हता, ही उणीव प्रशिक्षकाच्या तयारीतली होती असे माझे मत आहे. तरीही त्या हंगामाने स्टीव्हन्स यांच्याविषयी जे सांगितले, ते ३० विजयांच्या हंगामानेही सांगितले नव्हते. मोठ्या विद्यापीठांनी फारसे न विचारलेली मुले त्यांनी निवडली, वर्षागणिक घडवली, आणि हुकमी खेळाडू गेल्यावरही संघ उभा राहिला.

आता शेशेव्स्की. ड्यूकमधल्या पहिल्या तीन हंगामांत त्यांचा हिशेब ३८ विजय आणि ४७ पराभव असा होता. १९८३ साली कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांच्या, स्पर्धेत व्हर्जिनियाने त्यांच्या संघाला १०९–६६ असे धुतले. विद्यापीठाला देणग्या देणारी मंडळी त्यांना काढा म्हणून मागे लागली. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी उलट १९८४च्या जानेवारीत त्यांचा करार वाढवला. ही आंधळी माया नव्हती. १९८२ साली आलेली जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास यांची तुकडी पहिल्या वर्षी हरत होती, पण हरताना शिकत होती, आणि ते पाहणाऱ्याला दिसत होते. हीच मुले शेवटच्या वर्षाला, १९८६ साली, अंतिम सामन्यापर्यंत पोचली. पहिले विजेतेपद १९९१ साली आले, म्हणजे अकराव्या हंगामात. २०२२ साली शेशेव्स्की निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर पाच विजेतेपदे होती.

या खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ याचेही उदाहरण आठवावे. १८९१ साली त्याने बास्केटबॉल शोधून काढला. पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून त्याचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा राहिला. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेला तो एकटाच प्रशिक्षक. पण त्याच्या हाताखालून फॉग ॲलन तयार झाला, आणि ॲलनच्या हाताखालून ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची अर्धी वंशावळ त्या ‘हरणाऱ्या’ माणसापाशी जाऊन पोचते.

आपल्याला ही दृष्टी परकी नाही. तालमीत वस्तादाची ओळख त्याच्या पठ्ठ्यांवरून होते. अमुक मल्ल कोणाचा पठ्ठा, हे विचारल्याशिवाय जाणकार पुढे बोलत नाहीत, आणि पठ्ठा एका हंगामात तयार होतो असे कोणी म्हणत नाही. कुस्तीत जे समजते, ते कॉलेजच्या मैदानावर आपण विसरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. धीर धरा, धीर धरा म्हणत निष्क्रिय माणसालाही पाठीशी घालता येते. ‘मुले घडताहेत’ हे वाक्य सोपे आहे. ते कोणीही म्हणू शकतो. म्हणून धीराला मुदत हवी, आणि मुदतीत पाहायच्या खुणा आधी ठरलेल्या हव्यात. कॉलेजच्या बाबतीत ही मुदत निसर्गतःच ठरलेली आहे: एका तुकडीचा पदवीचा काळ, म्हणजे निदान तीन वर्षे. कॉलेजचा प्रशिक्षक क्लबच्या प्रशिक्षकापेक्षा वेगळा आहे तो इथेच. आपल्याकडे त्याला खेळाडू विकत घेता येत नाहीत आणि तयार झालेला खेळाडू ठेवूनही घेता येत नाही. जो मुलगा नीट बचाव करायला शिकला, तो त्याच वर्षी पदवी घेऊन निघून जातो. त्यामुळे एका वर्षाचा निकाल हा बऱ्याचदा आधीच्या माणसाच्या कामाचा किंवा नुसत्या योगायोगाचा निकाल असतो.

तीन वर्षांत पाहायच्या खुणाही तीनच. पहिली, प्रथम वर्षाला आलेला सामान्य खेळाडू तृतीय वर्षाला कुठे पोचला. दुसरी, पराभवानंतरचा पुढचा सामना संघ कसा खेळला. तिसरी, हुकमी खेळाडू गेल्यावर मागे काय उरले. स्टीव्हन्स तिन्हींत उतरतात. शेशेव्स्की पहिल्या तीन वर्षांत विजयांच्या यादीत नापास होते, पण पहिल्या खुणेवर पास होते, आणि बटर्स यांनी नेमकी तीच वाचली असावी.

दुसरी खूण आपण २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिली. मुंबईचे अमोल मुजुमदार भारतीय महिला क्रिकेट संघाचे प्रशिक्षक होते. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. विश्वचषकात संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून सलग तीन सामने हरला. त्या आठवड्यात मत दिले असते तर काय दिले असते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. त्याच संघाने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडल्या आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.

आता जाफराबाद. पूर्णेच्या खोऱ्यातला, बुलढाण्याच्या सीमेला लागून असलेला हा शेतकरी तालुका. इथल्या कॉलेजात खेळायला येणारी मुले टेंभुर्णी, माहोरा अशा गावांतून एसटीने येतात. सरावाची वेळ परतीच्या गाडीवर ठरते, आणि मुलींच्या बाबतीत घरच्यांच्या परवानगीवरही. अशा कॉलेजांत क्रीडा विभागाचा बहुधा एकच माणूस असतो. कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा आणि बास्केटबॉल सगळे त्याच्याच गळ्यात, शिवाय परीक्षांचे पर्यवेक्षण आणि कार्यालयाची कामे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बऱ्याचदा बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की संघ घरी. वर्षभराच्या घामाचा निकाल चाळीस मिनिटांत लागतो, आणि त्याच चाळीस मिनिटांवर आपण त्या तरुणाला यशस्वी किंवा नालायक ठरवतो.

याहून गंभीर गोष्ट नेमणुकीची. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर किंवा वर्षभराच्या करारावर माणसे घेण्याची रीत पडली आहे. शैक्षणिक वर्ष संपले की नेमणूक संपते. पुढच्या वर्षी तोच येईल याची शाश्वती नाही. ज्याने प्रथम वर्षाच्या मुलीला घरच्यांना समजावून मैदानावर आणले, तो ती तृतीय वर्षाला जाईपर्यंत तिथे असेलच असे नाही. तीन वर्षांत पिकणारे काम आपण वर्षभराच्या माणसावर सोपवतो आणि मग म्हणतो, आमच्या भागात खेळाडूच तयार होत नाहीत. खेळाडू तयार व्हायला जेवढा काळ लागतो, तेवढा काळ त्याला शिकवणारा टिकत नाही, हे खरे कारण आहे. या नियमाने शेशेव्स्कींना १९८१ सालीच घरी जावे लागले असते.

या खेळावर माझे प्रेम आहे, आणि आपल्या भागातल्या मुलामुलींनी तो चांगला खेळावा असे मनापासून वाटते. म्हणून संस्थाचालकांना, पालकांना आणि माझ्यासारख्या चाहत्यांना सांगणे एवढेच: तरुण प्रशिक्षक नेमताना त्याला एका तुकडीची मुदत लेखी द्या. पहिल्या दिवशी मैदानावर आलेल्या प्रत्येक मुलाची आणि मुलीची नोंद ठेवा: किती पळतो, दोन्ही हातांनी ड्रिबल करता येते का, सरावाला किती दिवस येतो. तीन वर्षांनी तीच वही उघडा आणि कठोरपणे जोखा. ज्याच्या हाताखाली मुले पुढे गेलेली दिसत नाहीत, त्याला निरोप द्यायला मी पहिला मत देईन. पण ती वही न उघडता, एका हरलेल्या सामन्यावरून कोणाचा निकाल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.