सेवेचा गाजावाजा आणि सेवेचा हिशेब



सेवा करावी पण तिचा गाजावाजा करू नये, या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकायला हे गोड आहे. पण सर्वस्वी खरे आहे काय? विहारातली अभ्यासिका, रक्तदानाचे शिबिर, विहिरीतला गाळ काढण्याचे श्रमदान यांची वार्ता चौघांना कळलीच नाही, तर पाचवा माणूस हातभार लावायला येणार कसा? आणि कळवायची, तर ती कोणत्या रीतीने?

पाचोड हे पैठण तालुक्यातले गाव. त्याच पैठणच्या, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानच्या, मितदेव नावाच्या माणसाचे नाव कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपासून दगडावर उभे आहे. तो सुगंधी द्रव्ये विकणाऱ्यांच्या कुळातला. त्याने चैत्यगृहाचा एक स्तंभ दान दिला. तिथेच मगिल या राजवैद्याच्या घराण्याचे दानलेख आहेत. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कान्हदास सोनाराचेही नाव आहे.

याला अहंकार म्हणायचे काय? या लेखांत काय आहे ते नीट पाहा. नाव, गाव, कूळ किंवा धंदा, आणि केलेले काम, बहुतेक एवढेच. एक गंधी स्तंभ देऊ शकतो, तर आपणही काही देऊ शकतो, असे पुढच्या माणसाला वाटावे इतके त्यात आहे. आणि कोणा गरजवंताचे दैन्य मात्र त्यात कोठेही कोरलेले नाही.

शिवाय, मौन सर्वांनाच परवडत नाही. ज्यांचे नाव आधीच चहूकडे आहे, त्यांना ते शोभते. १९२० साली बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ज्यांचे काम इतरांची पत्रे दडवितात, त्यांनी ते स्वतःच सांगितले नाही, तर उद्या ‘यांनी समाजासाठी केले तरी काय?’ असे विचारायला लोक मोकळे राहतात.

मग सांगावे कसे? उत्तर पाचोडातच आहे. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने खेड्यातल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालविला. रोज संध्याकाळी तासभर वर्ग. शिकविणाऱ्या गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रिया. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यम वय १६ वरून १७ वर गेले, असे अहवालात नोंदले गेले. एक वर्ष! ऐकायला थोडे, पण ज्या मुलीला ते मिळाले, तिच्या शरीराला आणि शिक्षणाला विचारा. हे काम दूरदूरपर्यंत माहीत झाले ते या आकड्यामुळे. त्यासाठी कोणा मुलीला व्यासपीठावर उभे करून ‘हिला आम्ही वाचविले’ असे सांगण्याची गरज नव्हती.

याउलट आज काय चालते? पाच वह्या द्यायच्या आणि त्या घेताना मान खाली घातलेल्या पोराचे छायाचित्र गावभर, मोबाइलवरून जगभर फिरवायचे. वह्या महिन्यात संपतात. ‘गरजू’ हा शिक्का वर्षानुवर्षे पुसला जात नाही. अशा वेळी ते पोर घेणारे उरत नाही. आपल्या मोठेपणाचे भांडवल होते. ज्या समाजाने भीक नको, हक्क हवा म्हणून चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याने तरी ही रीत उचलू नये.

म्हणून, मित्रहो, प्रसिद्धी जरूर करा. किती जमले, कशावर खर्च झाले, काय साधले आणि काय राहून गेले, हे विहाराच्या फळ्यावर लिहा. राबणाऱ्यांची नावे लिहा. त्यांत झाडू मारणारीचे नाव देणगीदाराच्या खाली नको, बरोबरीने हवे. परंतु घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या मर्जीवाचून दाखवू नका, आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याची मर्जी मर्जी समजू नका.

फळ्यावरचा मजकूर वाचून लोक तुमची वाहवा करतात की पुढच्या रविवारी फावडे घेऊन येतात, यावरून तुमच्या प्रसिद्धीची पारख करा.