न केलेलं ऑपरेशन

ताईच्या चार महिन्यांच्या मुलीच्या सोनोग्राफीत किडनीच्या वर छोटी गाठ दिसली. न्यूरोब्लास्टोमा असू शकेल. मुलुंडहून लोकलने परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो. डॉक्टर म्हणाले, सध्या नुसतं लक्ष ठेवू. मी चिडलो. आम्ही बग दिसला की रात्री बसून काढतो!

गर्भात मज्जातंतू घडवणाऱ्या पेशी कच्च्याच राहिल्या की ही गाठ होते. मोठ्या मुलांत ती जीवघेणी ठरू शकते, तान्ह्या बाळांत कधीकधी आपोआप विरते. जपानने १९८०च्या दशकापासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून अशा गाठी शोधल्या. भरपूर सापडल्या. पण २००२मध्ये कॅनडा आणि जर्मनीतल्या अभ्यासांत दिसलं, की अशा तपासणीने मृत्यू घटत नाहीत. पुढे जपानने ती थांबवली. म्हणजे विरून गेल्या असत्या अशा गाठींसाठीही बाळांवर उपचार झाले. नेमके कोणावर, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हे वाचूनही मी ताईला म्हणालो, काढूनच टाकू.

"अरे, तुला झोप लागत नाही म्हणून तिला कापायचं का?"

मला उत्तर सुचलं नाही. गाठ वाढली तर? हा प्रश्न तिलाही पडतोच, रोज आंघोळ घालताना.

पुढची सोनोग्राफी सोमवारी आहे. मी सुट्टी टाकली आहे.