तारांखालचा माळ

डोळे मिटा. श्वास त्याच्या चालीने चालू द्या. आता मनानेच एका माळावर या. डोक्यावर हाय टेन्शनच्या तारा आहेत, मनोऱ्यांना इन्सुलेटरच्या माळा लटकल्या आहेत. हवा दमट आहे, म्हणून तारा चरचरताहेत. तो आवाज थोडा वेळ नुसता ऐका.

माळ इंग्लंडमधला आहे, ब्रिस्टलजवळचा. रिचर्ड बॉक्स तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात निवासी कलावंत होता. २००४ साली त्याने अशाच तारांखाली १३०१ ट्यूबलाइट जमिनीत उभ्या रोवल्या. ना वायर, ना चोक, ना बटण. अंधारून आलं तशा त्या उजळलेल्या दिसू लागल्या.

त्यातली एकच नळी पाहा. खालचं टोक मातीत, वरचं मोकळ्या हवेत. तारा आणि जमीन यांच्यामध्ये विद्युतक्षेत्र पसरलं आहे. अशा तारांखाली ते जमिनीलगतही मीटरमागे काही हजार व्होल्ट असू शकतं. सेकंदाला पन्नास आवर्तनं होतात आणि नळीतला विरळ वायू त्या तालावर पेटतो. उजेड मंद आहे. डोळ्यांना त्याची सवय होऊ द्या.

आता नळीजवळ जा. ती आणखी मंदावेल. तुमचं शरीर वाहक आहे. वरून येणारं क्षेत्र तुमच्यावरच अडतं आणि नळी तुमच्या आडोशाला येते. तुमच्यातूनही अतिसूक्ष्म प्रवाह पायांवाटे मातीत ये-जा करतो आहे. जाणवत नाही, पण आहे. इथे हवा तितका वेळ थांबा. नुसतं बघायला आलेलं असं या माळावर कुणीच नाही.

मनात येईल, एवढी वीज वाया जाते, मग गोळा का करू नये? हा विचार झटकू नका, त्याच्या मागे जा. क्षेत्र म्हणजे गळती नव्हे. त्यात ऊर्जा भरते आणि आवर्तनागणिक जवळजवळ सगळी तारेत परतते. नळी पेटली की तिने घेतलेली ऊर्जा परतत नाही. तेवढी भर दूरच्या जनित्राला घालावी लागते. तिथे कुठे कोळसा जळतो, कुठे धरणाचं पाणी उतरतं. त्या जनित्रापर्यंत मनाने सावकाश जाऊन या.

तारांखाली लाकडी खांबांवर लांब ताणलेलं तारेचं कुंपण असेल, तर हेच क्षेत्र त्यातही भार चढवतं. हात लागला की झटका बसतो.

डोळे उघडा. तुमच्या शेतावरून अशी लाइन जात असेल, तर कुंपणाला अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः हात लावून पाहू नका.