भरपाईचा दिवस

मुलांना घेऊन थीम पार्कला जायचे ठरले, तर तेथे किती वेळ द्यावा? एक दिवस पुरेल की दोन? सकाळी फाटक उघडताच आत शिरावे, की उन्हे कलल्यावर? दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली की आमच्या भागातील घराघरांत ही चर्चा सुरू होते. हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असे मी म्हटले, तर वाचक हसतील. पाळण्यात बसायचे आणि घरी यायचे, त्यात कसली आली नीती? परंतु वेळ कोणाचा, तो कोणासाठी आणि कोणत्या मापाने मोजायचा, हे प्रश्न ज्या ठिकाणी उभे राहतात तेथे नीतीचा प्रश्न उपस्थित झालेलाच असतो, मग ते ठिकाण न्यायालय असो वा पाळण्यासमोरची रांग.

आमचा भाग म्हणजे नागपूरच्या दक्षिणेकडील मिहान. जेथे एकेकाळी शिवणगावकरांची शेते होती, तेथे आज माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या, विमान-दुरुस्तीची केंद्रे आणि ‘एम्स’चे रुग्णालय उभे आहे. येथील मुलांना जवळपास पाहण्यासारखे काही नाही असे नव्हे. गोरेवाड्याची सफारी २०२१ साली सुरू झाली. रमण विज्ञान केंद्र आहे. आणि जेथे आमच्यापैकी अनेक धर्मगुरूंनी तत्त्वज्ञानाचे पाठ घोकले, त्या सेमिनरी हिल्सवर लहान मुलांचे बालोद्यानही आहे. परंतु मुलांच्या तोंडी नाव असते ते खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे. २०१३ साली ते सुरू झाले तेव्हा नागपूरकरांना ते फार दूर वाटे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हे ७०१ किलोमीटरचे अंतर दिवसाच्या उजेडात काटता येते, आणि तेथून खोपोली काही फार लांब नाही. रस्ता झाला की इच्छा आवाक्यात येते. आणि इच्छा आवाक्यात आली की हिशेब सुरू होतो.

हिशेब असा: जाण्याचा एक दिवस, येण्याचा एक दिवस. रजा तीनच दिवसांची. तेव्हा मधला एक दिवस उरला, तो उघडण्यापासून बंद होईपर्यंत वापरायचा. एका तरुण पित्याने मला असा कागदच दाखवला. त्यावर पाव-पाव तासांचे कोष्टक आखलेले होते. कोणत्या पाळण्याला किती, जेवणाला किती, स्वच्छतागृहाला किती. मी विचारले, “एवढी घाई कशाला रे बाबा?” तो म्हणाला, “फादर, वर्षभर पोट्ट्यांना टाइमच नाही देता आला. आता एकदाच जाऊन सगळं भरून काढतो.”

माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ या ‘भरून काढणे’ या शब्दात आहे. भरपाई हा न्यायाच्या क्षेत्रातील शब्द होय. कोणाचे शंभर रुपये देणे असतील आणि ते दहा महिने थकले असतील, तर एका दिवसात सर्व रक्कम मोजून माणूस ऋणमुक्त होतो. पैशाचा तो गुणच आहे. कालचा रुपया आणि आजचा रुपया यांत फरक नाही. वेळ या जातीचा नाही. सहा दिवस उपाशी ठेवलेल्या लेकराला सातव्या दिवशी सहा दिवसांचे अन्न एकदम वाढले तर त्याची भूक भागत नाही, त्याचे पोट बिघडते. मंगळवारी संध्याकाळी मुलीने विचारलेला प्रश्न मंगळवारीच उत्तर मागत होता. जुलैमध्ये ती खोपोलीला जाणार असती, तरी त्या प्रश्नाला काय उपयोग?

यात त्या पित्याला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्याची पाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. शेजारी राहणारी परिचारिका आठवड्यातून दोन रात्री रुग्णालयात असते. नागपूरला हे नवीन नाही. १८७७ साली जमशेटजी टाटांनी येथे सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर अनेक पिढ्यांची घरे उठली आणि झोपली. रविवारची सुटी आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही, हेही या निमित्ताने मुलांना सांगावे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी आपल्या विश्वपत्रात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क जगापुढे मांडला. या दोघांची एकमेकांशी गाठभेट नव्हती, पण दोघांनाही एक गोष्ट उमगली होती: विश्रांती ही थोडी थोडी आणि नेमाने मिळाली पाहिजे. लोखंड्यांनी वर्षातून एक मोठी जत्रा मागितली नाही; दर सातवा दिवस मागितला. आज मिहानमध्ये अनेकांना सातवा दिवस मिळतो, पण तो नवऱ्याला मंगळवारी, बायकोला शुक्रवारी आणि मुलांना रविवारी. घर एकत्र असे केव्हा बसायचे? म्हणून मग तीन दिवसांच्या रजेवर साऱ्या वर्षाचे ओझे लादले जाते, आणि बिचारा तो मधला दिवस त्याखाली वाकतो.

थीम पार्कची आधुनिक कल्पना कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असे. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत असे. आई-वडील व मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये, असे त्याच्या मनात तेथे आले, असे तो पुढे सांगे. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले ते या विचारातून. मला या हकीकतीत तो बाक फार महत्त्वाचा वाटतो. त्या बाकावरच्या बापाला काहीही वसूल करायचे नव्हते. तो कंटाळला होता खरा, परंतु मुलींकडे पाहत होता. आमच्या तरुण पित्याच्या कोष्टकात बाकासाठी एकही चौकट नव्हती.

आता मोठ्यांचा वेळ आणि मुलांचा वेळ यांत किती अंतर असते ते पाहा. पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक साधा हिशेब मांडला. पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचवा भाग. चाळिशीच्या माणसाला तेच वर्ष चाळिसावा भाग. त्याच प्रमाणात पाहिले तर बापाची अर्ध्या तासाची रांग मुलाला चार तासांची होते. गणित तंतोतंत खरे मानण्याचे कारण नाही, पण रांगेत उभ्या असलेल्या लेकराचा चेहरा पाहिलेल्या कोणत्याही आईला ते पटेल. संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या खंडात म्हटले आहे की काळाचे मोजमाप आपण आपल्या अंतःकरणात करतो, आठवण, लक्ष आणि अपेक्षा यांनी. लहान मुलाजवळ आठवण थोडी आणि अपेक्षा अफाट. त्यात त्या उंची मोजायच्या दांड्याशी गाठ पडते. दहा वर्षांचा दादा आत जातो, सहा वर्षांची ताई दांड्याच्या खाली राहते आणि परत पाठवली जाते. दादासाठी आखलेला दिवस तिला दुसऱ्याच्या लग्नासारखा वाटतो. मुलांमुलांत न्याय करायचा तर दिवसाची लांबी थोरल्याच्या उत्साहावर ठरवून चालत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’मध्ये खेळ आणि विनोद यांविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. खेळणे हा सद्गुणाचा विषय होऊ शकतो, इतकेच नव्हे तर जो कधीच खेळत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो तोही दोषी आहे, असे ते बजावतात. तेथे ते एक जुनी कथा देतात. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसले तेव्हा काही लोकांना ते रुचले नाही. योहानांनी त्यांतील धनुष्यधारी माणसाला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहान म्हणाले. ही कथा आपण काम करणाऱ्यांना सांगतो. ती सहलीला जाणाऱ्यांनाही सांगायला हवी. कारण पाव-पाव तासांचे कोष्टक घेऊन फिरणारा माणूस धनुष्याची दोरी सैल करीत नाही. तीच दोरी तो दुसऱ्या दिशेने ताणतो. खेळाला व्यक्ती, काळ आणि स्थळ यांचे औचित्य हवे, ही थॉमस यांची अट येथे किती चपखल बसते!

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. ज्या घरात तिकिटांचे पैसे सहा महिने डब्यात साठवलेले असतात, तेथे ‘पैसा वसूल’ हा शब्द हावरेपणाचा नव्हे. ती काटकसर आहे, आणि काटकसरीनेच आपली घरे उभी राहिली आहेत. त्या आईला “दुपारीच निघा” असे सांगणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान होईल. मी तिला वेगळे सांगेन. तिकिटाचे पैसे फाटकातून आत जातानाच खर्च होऊन गेले. रात्रीपर्यंत थांबल्याने ते परत मिळत नाहीत. ते मुलांच्या आनंदासाठी साठवले होते. पाच वाजता धाकटे रडू लागले, तर पुढच्या तीन तासांत त्या आनंदात काय भर पडणार? आणि पैसे फारच मोजके असतील, तर गोरेवाडा आहे, अंबाझरीचा तलाव आहे. तेथे एकाऐवजी चारदा जाता येईल.

मग किती वेळ? सहा-सात वर्षांखालील मूल बरोबर असेल तर चार-पाच तास पुष्कळ झाले. सकाळी लवकर जावे, गर्दीचे पाळणे आधी उरकावेत, दुपारी सावलीत निवांत जेवावे आणि मूल हसत आहे तोवर बाहेर पडावे. दहाच्या पुढची मुले असतील तर पूर्ण दिवस द्यावा, पण त्यात एक तास कोणीही काहीही न ठरवलेला असू द्यावा. निघण्याची वेळ आत जाण्यापूर्वी मुलांना सांगावी आणि ती मोठ्यांनीही पाळावी. “आणखी एकच” हे वाक्य पुष्कळदा बापच आधी उच्चारतो. अशा बागांत जादा पैसे भरून रांग ओलांडण्याची तिकिटेही मिळतात. ज्यांना परवडते त्यांनी ती घ्यावीत की नाही यावर मी आज लिहीत नाही. तो विषय मोठा आहे. मात्र रांगेत उभी असलेली मुले पलीकडून जाणाऱ्यांकडे पाहत असतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

आजीचे काय, हे कोणी विचारत नाही. तिला आपण हौसेने बरोबर नेतो आणि पिशव्या सांभाळत बाकावर बसवतो. तिचा दिवस किती तासांचा असावा? आमच्या धर्मग्रामातील अशाच एका आजीला मी विचारले. ती म्हणाली, “मला काही कंटाळा नाही आला, फादर. पाळण्यातून उतरला की पोरगा धावत माझ्याकडेच यायचा, काय काय झालं ते सांगायला. त्याच्या बापाला पुढच्या रांगेची घाई होती ना!”