ऊन ताट

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला, की घरातल्या विसरलेल्या वस्तू वर्षातून एकदा उजेड पाहून घेतात. यंदा आमच्या बुलढाण्याच्या घरी फुटक्या पराती आणि पणत्यांची टोपली यांच्या मागून आजोबांचे ते जड, काळपट ताट खाली आले. मुलाला ते चांदीचे वाटले. खामगावची चांदी इतकी जवळ, की आमच्याकडे प्रत्येक पांढऱ्या धातूवर आधी चांदीचा संशय घेतात. पण ते चांदीचे नव्हते. इंग्रजी प्यूटरचे होते. प्यूटर म्हणजे बहुतांशी कथील, त्यात थोडे तांबे किंवा अँटिमनी, आणि जुन्या मालात पुष्कळदा शिसेही. आपला कल्हईवाला जे कथील पितळेच्या भांड्याला आतून लावून अन्न कळकू देत नाही, त्याच कथलाचे हे सबंध ताट.

त्याची करामत त्याच्या पोटात आहे. वर जेवायची ताटली, खाली बंद पोकळी, दोन बाजूंना कड्या आणि काठाशी झाकण असलेले एक इवलेसे तोंड. त्या तोंडातून कढत पाणी भरायचे, म्हणजे साहेबाचे जेवण होईपर्यंत वरचे अन्न ऊन राहते. हे ताट चुलीवर मात्र चढवता येत नाही. कथील २३२ अंशांनाच वितळते. जाळावर ठेवले तर ताटाचा गोळा होईल. स्वतःला विस्तव सोसत नाही, म्हणून दुसऱ्याने तापवलेल्या पाण्यावर त्याची सारी ऊब.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण स्वयंपाकघर दूर होते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि घाटावरचे बुलढाणे जिल्ह्याचे ठाणे झाले. साहेबाच्या बंगल्यात धूर, वास आणि नोकरांचा गलबला नको म्हणून बावर्चीखाना आवारात वेगळा असे. तिथून मेजापर्यंत येताना अन्न गार होई. म्हणजे आधी अंतर निर्माण करायचे आणि मग ते अंतर भरून काढायला एक भांडे घडवायचे! मला वाटते, आपली निम्मी उपकरणे याच जातीची आहेत.

आजोबा कचेरीत कारकून होते. एक साहेब बदलून निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि इतरांनी खुर्च्या घेतल्या तेव्हा आजोबांनी हे ताट घेतले. आजीने ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ दिले नाही. "त्या साहेबानं त्यात काय काय खाल्लं असन, कोनाले मालूम?" तिचे म्हणणे सोवळ्याचे होते. पण दुसरेही एक कारण होते, आणि ते मला फार उशिरा कळले. तिला या ताटाची गरजच नव्हती. तिच्या चुलीला वैल होता. पुढे भाकरी भाजायची आणि मागे वैलावर वरणाचे पातेले सरकवून द्यायचे. एकाच जाळावर दोन्ही कामे. शिवाय जेवणारे तिच्यापासून चार हातांवर बसलेले.

लंडनच्या प्यूटर घडवणाऱ्यांच्या संघाला १४७४ मध्ये राजाची सनद मिळाली होती. माल हिणकस निघाला तर जप्त करण्याचा त्यांना अधिकार होता, आणि कारागीर भांड्याच्या पाठीवर आपला छाप उमटवीत. आमच्या ताटाच्या पाठीवरही असा एक पुसट छाप आहे. मी तो निरखून पाहिला. घडवणाऱ्याची खूण आहे. पण त्यात पाणी भरणाऱ्याची खूण कुठेच नाही. तो बावर्ची स्वतः केव्हा जेवत होता आणि काय तापमानाचे?

साहेबाला हा प्रश्न विचारणे सोपे आहे. मग मला माझी आई आठवली. आम्हाला तव्यावरची भाकरी पानात पडे. आई सर्वांत शेवटी बसे, गार झालेली भाकरी आणि पिठल्याची खरवड घेऊन. वैल आमच्यासाठी होता. तिचे अन्न ऊन ठेवणारे भांडे इंग्रजांच्या घरात नव्हते तसे आमच्याही घरात नव्हते.

कोणी म्हणेल, अन्न ऊन काय नि गार काय! आमच्याच जिल्ह्यात शेगावला १८७८ साली गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, असे सांगतात. खरे आहे. पण महाराजांनी ती शिते स्वतः होऊन वेचली. जे स्वतः निवडले तर वैराग्य होते, तेच दुसऱ्याच्या पानात वाढले तर अन्याय होतो. संतांचे उदाहरण देऊन कुणाला गार भाकरी वाढू नये.

मी नोकरीला लागल्यावर मलकापूरहून राजूर घाट चढून रात्री उशिरा घरी पोहोचत असे. आई न जेवता बसून राही. पहिल्या बोनसमधून मी तिला एक कॅसरोल आणून दिला आणि म्हणालो, "आता तू आपली वेळेवर जेवून घेत जा." ती जेवू लागली. मला पोळी ऊन मिळू लागली, मात्र स्वयंपाकघरात दिवा मीच लावू लागलो. पुष्कळ वर्षे मी ही मातृभक्ती समजत होतो. आज कबूल करतो, की मला तिच्या भुकेची काळजी थोडी आणि तिच्या वाट पाहण्याने मनाला होणाऱ्या टोचणीची जास्त होती. ती टोचणी मी झाकणाखाली बंद करून टाकली. तरी ती वेळेवर जेवू लागली हे बरेच झाले. आपल्यासाठी कुणी उपाशी राहावे, यात प्रेमाची शोभा नाही. चुकले ते एवढेच, की उपासाबरोबर सोबतही गेली, आणि तिच्या पानातली पोळी ऊन आहे का, हे मी त्यानंतरही विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

परवा बायको चकल्या तळत बसली होती. दुपारचे दोन वाजून गेले, तरी तिचे जेवण व्हायचे होते. मी ताट घासून आणले, पोटात कढत पाणी भरले, शिशाची शंका म्हणून वर स्टीलची ताटली ठेवली आणि तीत वरणभात वाढून तिच्यापुढे नेला. तिने ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आणि तुमचं?"

"माझं होईल मागून. तू खा आधी."

"एकटीनं? मग साहेबात अन् माझ्यात काय फरक?" तिने गॅस बंद केला. "बसा."

"आणि चकल्या?"

"चकल्या थांबतात. पानी गार होऊन राह्यलं."